थांबल्यावर वाकडं दिसेल

लाकूड कापण्याच्या त्या कारखान्यात ताईंना सगळेच ताई म्हणत. मालकसुद्धा, आणि मालक तर त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. परदेशातून आलेल्या कामगारांचे परवाने काढायचे आणि दर दोन वर्षांनी ते वाढवून घ्यायचे, हे ताईंचं काम. अकरा वर्षांत त्यांचा एकही अर्ज परत आला नव्हता. त्यामागची युक्ती साधी होती. कामाच्या रकान्यात त्या सरसकट सगळ्यांना ‘मदतनीस’ करून टाकत. मदतनिसाला एक पान पुरायचं. दुसरं काहीही लिहिलं की सोबत दहा कागद जोडा, आणि दहा कागदांत अकरा चुका निघणार.

मग नियम बदलले. मदतनिसांचे परवाने यापुढे वाढणार नव्हते. माणूस ठेवायचा तर त्याच्या हातात कसब हवं, ते कसब कारखान्याने स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायला हवं, आणि लिहिलेलं काम खरोखर चालतं का ते अधिकारी समोर उभा राहून बघणार. नाहीतर परवाना संपेल त्या दिवशी सामान बांधायचं.

कारखान्यात परदेशी असा एकच उरला होता, करवतीची पाती ठोकणारा पातेवाला. त्याच्या परवान्याचे चाळीस दिवस राहिले होते. त्याची मुलगी इथल्याच शाळेत वाढलेली. बापाची भाषा तिला जेवणापुरती आणि भांडणापुरती यायची. ती तिकडे जाऊन काय शिकणार होती?

“लिहा की, ‘करवतीची पाती सरळ करतो’,” मालक म्हणाले. “त्यात काय एवढं महाभारत?”

ताईंनी तसं लिहिलं आणि सहीसाठी कागद घेऊन त्या खाली गेल्या. अकरा वर्षं त्यांनी पातेवाल्याला काचेतूनच पाहिलं होतं. भुशाने शिंका येतात म्हणून त्या दाराच्या आत कधी गेल्या नव्हत्या. पातेवाल्याने ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचलं.

“हे खोटं आहे, ताई.”

“अहो, खोटं काय त्यात?”

“मी सरळ नाही करत. वाकडं करतो.”

“हे त्या अधिकाऱ्यासमोर बोलू नका हं! तुमच्याबरोबर मलाही घरी बसवाल.”

तो हसला. स्टूल पुसून पुढे सरकवत म्हणाला, “बसा. बघा आणि मग लिहा.”

ताईंच्या कमरेला लागेल एवढं गोल पातं त्याने ऐरणीवर आडवं टाकलं. त्यावर पोलादी पट्टी उभी धरली, डोळा खाली नेला आणि पट्टीखालून डोकावणारी उजेडाची रेघ पाहिली. खडूने खुणा केल्या. मग हातोडी घेतली. घाव घालायचा, कान द्यायचा. पुन्हा घाव, पुन्हा कान.

“मधलं पोट सैल करतोय,” तो म्हणाला. “पातं जोरात फिरलं की कड ताणली जाते. पोट घट्ट असेल तर कड ओल्या कागदासारखी फडफडते. सैल असेल तर पातं वेगात आपोआप सरळ उभं राहतं.”

“आणि थांबल्यावर?”

“थांबल्यावर मालकांसारखं. पोट पुढे.”

ताई तीन दिवस त्या स्टुलावर बसल्या. शिंकल्या, लिहिलं, खोडलं. केसांतला भुसा बघून नवरा म्हणाला, “कामावर जातेस की सुतारपक्षी पाळलायस?” पातेवाल्याच्या ज्या हातांना ताईंनी अकरा वर्षं एका शब्दात गुंडाळलं होतं, ते हात त्यांना घरी भांडी लावतानाही दिसत होते.

चार पानं झाली. शेवटची ओळ वाचून मालकांनी कपाळाला हात लावला. ‘घावाच्या आवाजावरून कुठे थांबायचं ते तो ठरवतो. हा आवाजातला फरक मला तीन दिवस ऐकूनही कळलेला नाही.’

“स्वतःच्याच अर्जात स्वतःची नाचक्की!”

“खरं आहे ते,” ताई म्हणाल्या.

अधिकारी आला तो कोरड्या चेहऱ्याचा. सुरक्षेची टोपी त्याला मोठी होत होती. एक ओळ वाचायची, काम बघायचं, पेन्सिलने खूण करायची, असं तासभर चाललं. मग तयार पात्यावर त्याने स्वतःच पट्टी ठेवली आणि वाकून पाहिलं. खालून उजेड येत होता.

“हे वाकडं आहे.”

मालकांचा चेहरा उतरला.

“दुसरं पान, तिसरी ओळ,” ताई म्हणाल्या.

“‘थांबल्यावर वाकडं दिसेल. दोष समजू नये,’” अधिकाऱ्याने वाचलं. “बरं. लावा यंत्रावर.”

यंत्र सुरू झालं. आधी पातं डुललं, कड इकडून तिकडे सरपटली. अधिकारी एक पाऊल मागे झाला. वेग वाढला तसं ते डुलणं आक्रसत गेलं, आणि मग एका क्षणी पातं उभं राहिलं. दात दिसेनासे झाले. समोरून पाहिलं तर हवेत कुणी करड्या पेन्सिलने एक रेघ ओढावी, आणि ती हलू नये, तसं. खडखडाट जाऊन एकच लांब सूर उरला. ओंडका पुढे सरकला, फळी अलगद बाजूला झाली.

फळीवरून तळहात फिरवत अधिकारी बराच वेळ उभा होता. “पुन्हा एकदा लावा,” तो म्हणाला. नियमात तसं काही नव्हतं.

शेवटच्या ओळीशी त्याची पेन्सिल अडली. त्याने पातेवाल्याला ऐरणीवर दोन घाव घालायला लावले, मान तिरकी करून ऐकले.

“मलाही नाही कळत,” तो म्हणाला, आणि खूण केली.

परवाना अठरा दिवसांनी आला, पाच वर्षांचा. शिपायाला न देता ताई तो स्वतः घेऊन खाली गेल्या. पातेवाला ऐरणीवर वाकला होता. त्याने मान वर न करता नुसता हात उचलला: थांबा. ताई परवाना छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या. शिंक आली, ती त्यांनी नाक दाबून तिथेच जिरवली.