वहिनीचा सिनेमा आणि दादाचं एक वाक्य

आमच्या वहिनीच्या प्रत्येक सिनेमात मी मरते. कधी विषानं, कधी जिन्यावरून पडून. तिचं म्हणणं, "तुझ्या जिभेला तेवढीच विश्रांती." वहिनी लाँड्रीत इस्त्री करते, त्यामुळे माझ्या मढ्यावरची चादर मात्र कडक असते. सुट्टीच्या दिवशी आमचं स्वयंपाकघर पोलीस ठाणं होतं, जिना दवाखाना होतो, शेजारचा कुलूपवाला खलनायक होतो. मग फोनवरच जोडजाड करून ती सिनेमा इंटरनेटवर टाकते. बघणारे कोण? आम्हीच, आणि कुलूपवाल्याच्या सासरची माणसं. "हौसेला मोल नसतं हे मान्य, पण थोडी अक्कल?" असं मी तिला कितीदा बोलले. तिनं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, घड्याळं दुरुस्त करणारा. हातपाय सावरले, पण जीभ अडली. वाक्य डोक्यात तयार असायचं, तोंडातून बाहेर येईना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रोज बोला, तेच तेच पुन्हा बोला, गप्प राहिलात तर आहे तेही जाईल. त्यानं थोडे दिवस केलं. एकदा दुकानात एका गिऱ्हाइकानं त्याची नक्कल केली, त्या मेल्याचं वाटोळं होवो, आणि दादानं तोंडच मिटलं. पाणी हवं असलं तरी बोट दाखवायचा. मी ओरडले, रडले, शपथा घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

वहिनीनं भलताच घाट घातला. "अहो, भुताच्या कामाला माणूस मिळत नाहीये. एकच वाक्य आहे. 'दार उघडा, मी आलोय.' करता का?"

दादानं मान हलवली. नाही.

"आमच्याकडे कोण चुकत नाही? कुलूपवाला साधं 'हात वर' म्हणताना फिदीफिदी हसतो. मी काय त्याला घरी पाठवते?"

हे खरंच होतं. कुणी चुकलं की वहिनी फक्त "परत" म्हणते. ना राग, ना कीव. दादानं जरा विचार केला. मग तोंडाकडे बोट, फोनकडे बोट, आणि हातांनी फुली.

"चुकलेलं कुणाला दाखवणार नाही," वहिनी म्हणाली. "गळ्याशपथ."

दादा दाराबाहेर, वहिनी आत फोन धरून, मी जमिनीवर मेलेली. "दा... दा..." "परत." "दार उ..." "परत." मध्ये कुलूपवाला घोळ घालायचा, तेव्हा दादा पोट धरून हसायचा. असे पुष्कळ रविवार गेले. आणि एका दुपारी बाहेरून आवाज आला, "दार उघडा, मी आलोय." सलग! मी ढसाढसा रडले. वहिनी कडाडली, "मढं कधी रडतं का? परत!"

आता वहिनीच्या फोनमधल्या फाइलींची नावं ऐका. फायनल. खरं फायनल. आता शेवटचं फायनल. लाँड्रीच्या जेवणाच्या सुट्टीत, चष्मा न लावता, बाईनं नेमकी कापून बाजूला ठेवलेल्या चुकांची फाइल इंटरनेटवर टाकली. दादाचं सगळं अडखळणं, एकामागून एक. संध्याकाळी कळलं तोवर शेकडो अनोळखी लोकांनी ते बघितलं होतं.

दादानंही बघितलं. फोन वहिनीच्या मांडीवर ठेवला आणि आत जाऊन कडी लावली.

"शपथ मोडली मी," वहिनी म्हणाली. 'घे, कर आणखी सिनेमे!' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिचा चेहरा बघून गिळलं. आता हा कायमचा गप्प होणार.

ती व्हिडिओ काढून टाकायला बसली, तेवढ्यात मला त्याच्याखाली कुणा मुलीनं लिहिलेलं दिसलं. मी फोन हिसकावला आणि बंद दारासमोर उभी राहून मोठ्यानं वाचलं. "माझे बाबाही आजारापासून बोलत नव्हते. आज हे बघताना तुमच्या भुताबरोबर बोलायला लागले. आता ते 'उ'वर अडलेत. भूतकाकांनी पुढे काय केलं, विचाराल का?"

दार उघडलं नाही. मी पुन्हा वाचलं. माझा आवाज फाटला, पण वाचलं.

कडी निघाली. दादा बाहेर आला, खुर्चीत बसला, केस सारखे केले आणि वहिनीला खूण केली, फोन धर. वहिनीनं फोन धरला.

"भाऊ," दादा फोनकडे बघत त्या मुलीच्या बाबांना म्हणाला. बराच वेळ थांबला. कपाळावर घाम. "मी... मी पण... अ... अडलो. घा... घाई... नको. मी... आहे."

वहिनीनं डोळे पुसले. "मधलं अडखळणं कापून टाकते हं."

"नको," दादा म्हणाला. "त्यांना... दिसू दे."