वन्संचा फोटोंवरचा संशय

माझ्या वन्संइतका स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास असलेला माणूस साऱ्या ग्वाल्हेरात सापडायचा नाही, आणि त्यांचा पेशा काय, तर विद्यापीठात चित्रकला शिकवायचा, म्हणजे लोकांना बघायला शिकवायचा. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात, आणि नात्यातल्या कुठल्याही लग्नाचे फोटो आले की ते संगणकाने रचलेले तर नाहीत ना म्हणून आधी भिंग शोधतात. नवरानवरी कशी दिसतात ते राहू दे, या कानांतले डूल बघतात, सावल्या एकाच बाजूला पडल्यात का ते बघतात, मागच्या रांगेतल्या मामांची बोटं मोजतात. एकदा सराफ्यात एका दुकानाच्या जाहिरातीपुढे त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की हार घ्यायचा असेल म्हणून मालकाने आतून स्टूल पाठवलं. वन्सं म्हणाल्या, "हार सुंदर आहे, पण ही बाई जन्मलेलीच नाही."

फोनवर तर त्या सख्ख्या भावालाही ओळखत नाहीत. आवाजाची नक्कल होते हे कळल्यापासून त्यांनी घरात एक खुणेचा शब्द ठरवला, आणि तो दर महिन्याला बदलतो. माझ्या नवऱ्याने एकदा स्टेशनवरून फोन केला की औषधांची पिशवी घरी राहिली, कोणाबरोबर तरी पाठव. "आधी शब्द सांग," वन्सं म्हणाल्या. तो गेल्या महिन्याचा शब्द बोलला. वन्संनी फोन ठेवून दिला. गाडी चुकवून तो स्वतः घरी आला आणि दोन दिवस बहिणीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी शांतपणे विचारलं, "आठवला का?"

हाच कारभार वर्गातही. डीपफेक शिकवायला घेतलं की पहिला गृहपाठ एकच, की मॅडमचाच खोटा व्हिडिओ करून आणा, मॅडम कधीच बोलणार नाहीत असं काहीतरी बोलताना. एका मुलाने त्यांना परीक्षा रद्द झाल्याचं जाहीर करायला लावलं. पण सगळ्यात सरस ठरला तो, ज्यात वन्सं माझ्या साबुदाण्याच्या खिचडीची तारीफ करतात. माझ्या डब्याबद्दलच्या त्यांच्या तक्रारी वर्गाला पाठ होत्या. वन्संनी मला तो घरी आणून दाखवला. खोटा आहे हे माहीत असूनही मी तो तीनदा पाहिला. "बरं वाटलं ना?" त्या म्हणाल्या. "माणूस इथेच फसतो. डोळ्यांमुळे नाही, आवडीमुळे. नाहीतर भीतीमुळे."

भीतीचा प्रकार मागच्या हिवाळ्यात बघायला मिळाला. वन्संची माधवगंजातली एक विद्यार्थिनी चार दिवस आली नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी मी डबा द्यायला विभागात गेले, तेवढ्यात तिचे वडील तिला घेऊन आले. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते. "मॅडम, मुलीचं नाव काढायला आलोय. फॉर्म द्या." वन्संनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. फोटोत ही मुलगी एका देवळात कुण्या तरुणाच्या गळ्यात हार घालत होती. "तिच्या चाचांच्या फोनवर आला. पूरा मोहल्ला बघून राहिलाय."

"मी तिथे नव्हतेच मॅम," मुलगी म्हणाली. "कितनी बार बोलूँ. कोणी ऐकतच नाही."

आता वन्सं भिंग काढणार आणि फोटोच्या चिंध्या करणार अशी माझी खात्री. त्यांनी भिंग काढलं, बराच वेळ बघितलं आणि खाली ठेवलं. "बोटं बरोबर आहेत. सावल्याही." वडिलांनी मान खाली घातली. "म्हणून तर नुसत्या दिसण्यावर जायचं नाही," वन्सं पुढे म्हणाल्या. "हा फोटो पाठवला कोणी?" ते कोणालाच माहीत नव्हतं, नंबर अनोळखी होता. वन्संनी फोटो मोठा केला. मुलीच्या निळ्या बाहीवर तांबडा डाग होता. "हा गेरू. आमच्याकडचा. ही बाही इथली आहे, देवळातली नाही."

गेरू म्हटल्यावर मला आठवलं. विभागाच्या प्रदर्शनाच्या दिवशी ही मुलगी स्टुलावर चढून दाराला झेंडूचं तोरण बांधत होती, आणि तिचा फोटो मीच काढून सगळ्यांना पाठवला होता. मी माझ्या फोनमधून तो शोधून काढला. तेच उचललेले हात, तोच चेहरा, तोच डाग. फक्त तरुणाच्या जागी दार होतं.

वडील दोन्ही फोटो आळीपाळीने बघत राहिले. "पण यातला असली कोणता, हे कशावरून?"

वन्सं एकदम खुलल्या. "हा प्रश्न माझे विद्यार्थीसुद्धा विचारत नाहीत," असं म्हणून त्यांनी विभागातल्या म्हाताऱ्या शिपायाला बोलावलं. तोरणाचा फोटो दाखवताच तो म्हणाला, "स्टूल मीच धरलं होतं. गेरूचा डबा पण माझ्यासमोर सांडला."

तेव्हा कुठे वडील खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. मुलीकडे बघून म्हणाले, "चार दिवस तू सांगत होतीस."

"हो," ती म्हणाली. "सांगत होते."

वन्सं त्यांच्यासोबत पोलिसांकडे गेल्या, तक्रार लिहून आल्या. नाव काढायचा विषय तिथेच संपला. संध्याकाळी फूलबागेवरून आम्ही दोघी चालत घरी येत होतो. माझं अंग कसं हलकं झालं होतं. "सुटली बाई पोर," मी म्हटलं.

वन्सं म्हणाल्या, "आणि फोटो खरा असता तर?"

"म्हणजे?"

"तिने खरंच कोणाला हार घातला असता, तर शिकायचं नाही का तिने? मी तासभर फोटो खोटा, फोटो खोटा एवढंच म्हणत राहिले. खरा असला तरी नाव का काढायचं, हे विचारलंच नाही मी त्यांना."

दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात आली. वन्संनी त्या तासाला खऱ्याखोट्याचा विषय काढलाच नाही म्हणे. सगळ्यांना एकमेकांसमोर बसवून चेहरे काढायला सांगितले, आणि स्वतः तिच्यासमोर कागद घेऊन बसल्या. ते चित्र वरच्या खोलीत लावलेलं आहे. मुलगी त्यात थोडी दमलेली दिसते, आणि थेट समोर बघते आहे.