टेबलाखाली

मुलीचं एक वर्ष मी वाया घालवलं. नवरा म्हणतो, "दोघांनी घालवलं." तो भला माणूस आहे, पण टेबलाखाली मी बसले होते.

तेव्हा आम्ही नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला राहत होतो. लेक सात वर्षांची. अक्षरं ओळखायची, पण शब्द जुळवायचा म्हटलं की रडवेली व्हायची. इथे मुलं शाळेतल्या बाईंना युफ म्हणतात. तिच्या युफनी आम्हाला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "तिच्यासाठी लहान वर्गाची शाळा बघू या. तिथे वर्गात बाराच मुलं असतात, प्रत्येकाला वेळ मिळतो."

मी जाऊन बघून आले. छान शाळा होती. मुलं हसरी, कोपऱ्यात एक जाडा ससा. तरी परतताना सायकलवर मी रडत होते. पुण्याला काय सांगायचं? आम्ही दोघंही कायम पहिल्या पाचात आलेले! मग "घरात मराठी, शाळेत डच, गोंधळ होणारच," असं मी भेटेल त्याला ऐकवायला लागले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

तेवढ्यात लॉकडाऊन लागला आणि शाळा लॅपटॉपवर आली. युफ रोज दहा मिनिटं एकेकाचं वाचन ऐकायच्या. नव्या शाळेचं काय करायचं, हे त्यावरूनच ठरणार होतं. पहिल्या दिवशी लेक अडली, तशी मी खाली वाकून एक शब्द पुटपुटले. दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्याभरात उशी घेऊन मी टेबलाखालीच ठाण मांडलं, पुस्तकाची झेरॉक्स मांडीवर. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी घोकलेलं डच असं कामी आलं. घरोघरी गोंगाट होताच, माझी कुजबुज त्यात खपून गेली.

एक दिवस युफचा फोन आला. "किती सुधारली! आपली आपण वाचते ना?"

"हो," मी म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. लहान वर्गातली ती जागा दुसऱ्या मुलाला गेली. पुढची मिळायला वर्ष लागलं. आणि त्या संध्याकाळी मी आनंदानं शिरा केला होता. आजही रवा भाजायला घेतला की स्वतःचीच लाज वाटते.

पुढे शाळा उघडली. साथीमुळे आईवडिलांना फाटकाच्या आत बंदी होती. थंडी मी म्हणत होती. युफ फाटकातच उभ्या राहून एकेकाला आत घेत होत्या. लेक दोन पावलं गेली आणि थांबली. मग वळून माझ्याकडे आली, मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं आणि युफच्या देखत, खणखणीत डचमध्ये, अगदी काळजीनं विचारलं,

"आई, इथली टेबलं छोटी आहेत. तू मावशील का खाली?"