चौदा घरांतलं कौतुक

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. हिंगोलीतल्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. मधोमध टेबल आणि एक खुर्ची. दुसरीही आहे, पण तिच्यावर कुणी बसायला येत नाही म्हणून कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या. खिडकीतून उन्हाची तिरीप नेमकी टेबलावर पडते, एखाद्या जाणत्या प्रकाशवाल्यानं सोडावी तशी. त्या उजेडात लॅपटॉपसमोर बसले आहेत राधाकृष्ण नरसीकर, वय बावन्न. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. स्क्रीनवर आठ चौकटी, आठ चेहरे, सगळे पुण्याचे. खाली गिरणी घरघरते म्हणून नरसीकर माईक बंद ठेवतात आणि आपला नंबर आला की उघडतात. नंबर दिवसातून एकदा येतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दहापर्यंत त्यांच्याशी बोलणारं कुणी नसतं. कधी संध्याकाळी दूधवाल्याला अर्धा लिटर सांगताना घशातून आवाजच निघत नाही, आधी खाकरावं लागतं.

ॲप किंवा वेबसाइट दिसावी कशी, बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं, हे ठरवणं त्यांचं काम. सुरुवात झाली छापखान्यात लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवण्यापासून. मग गावातल्या एका कापड दुकानाची वेबसाइट केली, तिच्यात लाल अक्षरं डावीकडून उजवीकडे पळायची आणि गणपतीच्या मागे प्रभावळ लुकलुकायची. दुकानाचा मालक ती पाहायला रोज सहकुटुंब येई. काय दिवस होते ते! पुढे बटणं गोळ्यांसारखी चकचकीत झाली. मग त्यांना सावल्या आल्या. मग एका हंगामात सावल्या गेल्या आणि सगळं इस्त्री फिरवल्यासारखं सपाट झालं. आता जमाना रिकाम्या जागेचा. मोठा पांढरा पडदा, त्यावर करडी बारीक अक्षरं, आणि शब्दांच्या जागी चित्रं. नाटकातही असंच झालं. रंगवलेले राजवाडे गेले, खऱ्या दारखिडक्या आल्या, शेवटी एक स्टूल ठेवून नाटक व्हायला लागलं. नरसीकरांनी प्रत्येक फॅशन मनापासून शिकून घेतली. वयानं निम्म्या पोरांकडून शिकायला त्यांना कधी लाज वाटली नाही.

यंदाचं काम आपल्याच जिल्ह्यातलं होतं, म्हणून ते जास्तच जीव लावून केलेलं. हळद काढली की शिजवावी लागते आणि शिजवायचा मोठा कुकर ट्रॅक्टरला जोडून गावोगाव फिरतो. त्या कुकरचा नंबर मोबाईलवरून लावायचं ॲप पुण्याच्या कंपनीनं काढलं. त्याचे पडदे, म्हणजे मोबाईलवर दिसणारी पानं, नरसीकरांनी आखले, जानेवारीत ॲप सुरू झालं. आज फेब्रुवारीचा शेवटचा सोमवार.

"सर, अख्ख्या जिल्ह्यातून चार बुकिंग," टीमची प्रमुख जान्हवी म्हणाली. तिशीतली, कामाला कडक, मनानं सरळ. "त्यातली तीन रद्द. डिसेंबरात तुम्ही घरोघरी टेस्ट घेतली तेव्हा तर चौदापैकी चौदा घरं खूश होती ना?"

नरसीकरांनी माईक उघडला. "हो. चौदाच्या चौदा."

"मग कुठे बिनसलं ते शुक्रवारपर्यंत सांगा. नाही तर हा भाग बंद करायचं ठरतंय. आणि हा बंद झाला तर तुमच्याकडे द्यायला माझ्याजवळ दुसरं काम नाही. आधीच सांगितलेलं बरं."

आठ चौकटी एकेक करून विझल्या. नरसीकर काळ्या स्क्रीनकडे बघत बसले. काम जाण्याची भीती होतीच. पण मग दहा वाजता "सर, आवाज येतोय का?" असं विचारणारंही कुणी नसेल, याची जास्त होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं औंढ्याला आणि तिथून रिक्षानं ते सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या तांड्यावर गेले. डिसेंबरातल्या चौदा घरांतलं पहिलं घर तिथलंच, निर्मलाबाई राठोडांचं. साठीची बाई, चार एकर हळद, मुलगा कामासाठी बाहेरगावी, घरात ती आणि सून दिपा. डिसेंबरात तिनं त्यांना गरम भाकरी वाढली होती, नको म्हणता म्हणता दुसरी वाढली होती, आणि ॲप पाहून म्हणाली होती, "लई बेस केलं सर." नरसीकरांची आई जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांना आग्रह करून कुणी वाढलं नव्हतं. त्या महिन्यात ते चौदा घरी गेले, चौदा घरी जेवले आणि चौदा वेळा शाबासकी घेऊन आले. फुकट पास वाटून भरवलेलं थिएटर टाळ्यांनी दणाणतं, आणि रंगमंचावरच्या माणसाला वाटतं प्रयोग उभा राहिला. तसं झालं होतं.

आज निर्मलाबाई अंगणात हळदीच्या ढिगाशी बसल्या होत्या. शेजारी दिपा, समोर तीन बाया.

"या सर, बसा. दिपा, चहा ठेव."

"निर्मलाबाई, ते ॲप चालतंय का?"

"चांगलं हाय की. लई बेस हाय."

"मग वापरत का नाही कुणी?"

"आमालाच काम न्हाई पडलं."

चहा आला. निर्मलाबाईंनी एक घोट घेतला आणि सुनेकडे पाहिलं. "साखरेचं पोतं वतलं का यात? मुंग्या यायच्या तोंडाला."

दिपा हसली. "उद्या बिनसाखरेचा देते. मंग म्हनू नका कडू झाला."

"सर, तुमाला कसा लागला?"

"छान आहे," नरसीकर म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. चहा खरंच पाक झाला होता. सून घरची, म्हणून तिला खरं ऐकायला मिळालं. आपण पाहुणे, म्हणून आपण खोटं बोललो. मग डिसेंबरात हे लोक आपल्याशी खरं कशाला बोलले असतील?

त्यांनी कप खाली ठेवला, बाह्या वर केल्या आणि ढिगाशी जाऊन मांडी घातली. बाया हसल्या. मातीनं माखलेल्या मधल्या जाड गड्ड्यांपासून बोटांएवढी हळकुंडं मोडून वेगळी करायची होती. दिसायला सोपं. अर्ध्या तासात नखं पिवळी झाली, पाठ धरली आणि मांडीला मुंग्या आल्या, पण ते उठले नाहीत. दुपार कलायला लागली तेव्हा निर्मलाबाईंनी त्यांच्या टोपल्यात हात घातला आणि कपाळाला आठी पडली.

"अहो भाऊ, काय करून राहिले तुमी? गड्डे इकडं काहून टाकून राहिले? गड्डा येगळा शिजतो, हळकुंड येगळं. एकत्र घातलं की एक गळून जाते अन एक कच्चं राहते. चार घंटे झाले, एवढं बी समजंना व्हय?"

"आत्या, पावने हायत ते," दिपा हळूच म्हणाली.

"पावना सकाळी व्हता. आता माझी हळद नासवून राहिला, आता कशाचा पावना?"

सकाळचे सर दुपारी भाऊ झाले होते. नरसीकरांनी बाजूला पडलेल्या पंच्याला हात पुसले, खिशातून मोबाईल काढला, ॲप उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"आता असंच याला बोला."

"बोलू? राग धरसाल."

"नाही धरणार."

निर्मलाबाईंनी पदर खोचला, मोबाईल उन्हात धरला आणि सुरुवात केली. "ह्यात अक्षर कुठं हाय? कोरा कागद दिसून राहिला. वाचायला घरात अंधारात जावं लागते. अन हे झाडाच्या पानाचं चित्र कशाचं? म्या म्हनलं झाडपाल्याच्या दवाखान्याचं हाय. दिपानं सांगितलं, त्यावर दाबलं की आपलं वावर दिसते. वावर मला दारातून दिसते की." बाया खुदखुदल्या. "अन ही तारीख. मी कुठून सांगू तारीख?"

"हळद कधी निघणार ते तुम्हाला माहीत असेल ना?"

"मला कसं असंल? आधी वढ्याकडच्या रणजीतची निघती, मंग सखुबाईची, मंग आमची. काढायला बाया त्याच हायत न्हवं? सखुबाईचं उरकलं की बाया इकडं येत्यात. कुकरवाला जगन बी तसाच येतो, एकामागून एक. आमी म्हनतो, सखुबाईच्या मागून आमचा नंबर. तारीख कोन बघते?"

"मग तुम्ही यावरून नंबर लावलाच नाही?"

"लावला की एकदा. बोटाला लागली ती तारीख दाबली. जगन कुकर घेऊन दारात, अन हळद जमिनीत. त्याला आल्या पावली पाठवलं. नको नको ते बोलून गेला मला."

नरसीकरांनी मोबाईल परत घेतला. "डिसेंबरात मला का नाही सांगितलं?"

"तुमी एवढ्या दुरून आले. दोन भाकरी खाल्ल्या अन हसत हसत इचारलं, चांगलं हाय ना? आता दारात आलेल्याच्या कामाला नाव ठेवते का कोनी? तकलीफ आमी सोसू की."

शुक्रवारी आठ चौकटी पुन्हा उजळल्या. नरसीकरांनी नवे पडदे दाखवले. कॅलेंडर गेलं होतं. त्या जागी एकच प्रश्न होता, 'तुमचा नंबर कुणाच्या मागे?' आणि खाली शेजाऱ्यांची नावं. अक्षरं काळी, ठसठशीत. प्रत्येक चित्राखाली त्याचं नाव.

"दिसायला दहा वर्षांपूर्वीचं वाटतंय," एका चौकटीतून कुणी म्हणालं.

"पण चालेल," जान्हवी म्हणाली. "हा भाग ठेवूया." मग ती जरा अडखळली. "सर, वर अहवाल द्यायचाय. करड्या अक्षरांचा हट्ट माझाच होता. मी लिहिते, डिझाइनमध्ये चूक झाली. टेस्टचा विषय काढत नाही."

वाट सरळ होती, आणि तिनं चांगुलपणानं दाखवली होती. नरसीकरांनी नुसती मान हलवली असती तरी पुढेही रोज दहा वाजता ते इथेच असते. खाली गिरणी सुरू होती, टेबल थरथरत होतं. तरी त्यांनी माईक उघडा ठेवला.

"तारखेची चूक करड्या अक्षरांमुळे झाली नव्हती, मॅडम. ती मला डिसेंबरातच दिसायला हवी होती. मी बघायला गेलोच नव्हतो. लोक जेवायला वाढत होते, चांगलं म्हणत होते. मला ते ऐकत बसावंसं वाटलं. तसंच लिहा."

जान्हवीनं नजर खाली केली, पुन्हा वर आणली. असं लिहिलं तर पुढचं काम अद्वैतकडे जाईल, ती म्हणाली. तो नवा आहे, पुढच्या आठवड्यात तांड्यावर जाईल. नरसीकरांचं काम मार्चअखेर संपेल. तिला वाईट वाटत होतं आणि ते तिनं लपवलं नाही.

"सर, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"एवढंच, की अद्वैतला सांगा, निर्मलाबाई चांगलं म्हणाल्या तर खरं मानू नकोस. त्या रागवेपर्यंत तिथून उठू नकोस म्हणावं."