बॅकअप आहे, पण उठेल का?

बॅकअपचं काम चोख असेल तर सांगण्यासारखं काही घडतच नाही. माझ्याकडे मात्र किस्से साठत चाललेत. यावरून माझं काम कसं असेल ते ओळखा.

श्रीरामपूरजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळते. एका सर्व्हरच्या पोटात सहा व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे अंग नसलेले सहा कॉम्प्युटर. रिपोर्ट, एक्सरे, पेशंटच्या जेवणाच्या याद्या, सगळं त्यांच्यात. त्यांची रोज नक्कल काढून ठेवायची, एवढंच माझं काम. वेळ आली तर ती नक्कल उठून उभी राहील का, ही माझी धास्ती.

* * *

इंटरव्ह्यूला मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, सर्व्हर जळाला तर? मी पाठ केलेलं उत्तर दिलं. मग विचारलं, तेव्हा तुम्ही सुट्टीवर असाल तर?

"मी सुट्टी घेतच नाही, सर."

मला सातवा महिना लागला होता. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

* * *

रोज सकाळी मेल येतो: बॅकअप यशस्वी, पुढे हिरवी खूण. तीन आठवडे त्या खुणेवर मी निवांत चहा प्यायले. मग कळलं, रिपोर्टचं नवं मशीन यादीत घालायचंच मी विसरले होते. जुन्या, रिकाम्या मशीनची नक्कल मोठ्या निष्ठेनं निघत होती! बिघडलं काही नाही. पण तेव्हापासून सिग्नल हिरवा झाला तरी मी स्कूटी जरा थांबवते.

* * *

आगीच्या भीतीनं एक प्रत हॉस्पिटलबाहेर ठेवतो. माझ्या घरी सोय नाही. माझी दीड वर्षाची लेक ओवी हाती लागेल ते बादलीत बुडवते. म्हणून मेट्रन सलोमीबाई दर शनिवारी डिस्क जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून इथून जवळच बेलापूरला घरी नेतात आणि कपाटात लग्नाच्या पांढऱ्या साडीखाली ठेवतात. एकदा डबा एसटीत राहिला. डिस्कला पासवर्ड होता, तेवढाच आधार. डब्यावरचा नंबर पाहून कंडक्टरनं सलोमीबाईंना फोन केला:

"बाई, डब्यात भाकर न्हाई, नुसती मशीन हाय. उपाशी हायेत का तुमी?"

* * *

सासूबाईंचं एकच म्हणणं: "फायली तीन-तीन जागी ठेवतीस, आन पोरीला एका स्वेटरवर पाळणाघरात धाडतीस."

मी दुसरा स्वेटर घेतला. मग तिसराही.

* * *

शेवटी सलोमीबाईच म्हणाल्या, एकदा उठवून तर बघ. गुरुवारी सकाळी मी रविवारची नक्कल उठवली. उठली! मला रडूच यायचं बाकी होतं. पण अशी नक्कल नेटवर्कपासून तोडून उठवायची असते, ते मी विसरले. छापायची राहिलेली रविवारची जेवणाची यादी तिनं उठल्याउठल्या स्वयंपाकघरातल्या प्रिंटरवर छापून टाकली.

कळेपर्यंत ताटं निघाली होती. कुणाला साखर वर्ज्य, कुणी ऑपरेशनसाठी उपाशी. मी आणि सलोमीबाई धावत सुटलो, एकेक ताट जिन्यात, दारात अडवलं. एक राहिलं.

बायकांच्या वॉर्डात सहा नंबरला अकोल्याच्या आजी महिनाभर होत्या. मंगळवारी वारल्या. त्या रिकाम्या खाटेपाशी स्वयंपाकघरातल्या कांतामावशी पेजेची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, आजी गेल्या ना मंगळवारी."

"ठावं हाय मला," मावशी म्हणाल्या. "पर नाव आलं ना कागदावर."

मी वाटी घ्यायला हात पुढे केला. सलोमीबाईंनी तो धरला. खाटेजवळचं स्टूल पुढे ओढलं आणि मावशींना म्हणाल्या, "ठेव. गरम आहे तोवर."