मीटर तापायला तास लागतो

पुण्यात मी सात वर्षं कॅलिब्रेशन लॅबमध्ये होते. व्होल्ट-ओहम मोजणारा मीटर अचूक आहे का ते तपासायचं, त्यावर पट्टी चिकटवायची, पट्टीवर आपली आद्याक्षरं टाकायची. अमेरिकेत, श्रूजबरीला आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करता येत नाही, आणि चार वर्षांत सही केली ती फक्त शाळा-लायब्ररीच्या फॉर्मवर. घरी हौसेने सर्किटं जोडते, पण हातातला स्वस्त मीटर पुरत नाही. शेवटी एका शनिवारी नवऱ्याला, शिरीषला, म्हटलं, "चल न्यू हॅम्पशायरला. मला खरा मीटर हवाय."

तिथल्या जुन्या उपकरणांच्या बाजाराला जाणार असाल तर सांगते. ४९५ हायवेने उत्तरेला साधारण दीड तास. हौशी रेडिओवाल्यांचा हा बाजार जत्रेच्या मैदानात भरतो, तिकीट माणशी दहा डॉलर, व्यवहार सगळा रोख. खायला हॉट डॉग आणि डोनट, त्यामुळे आम्ही पोळी-भाजी नेली ते बरं झालं. ऑक्टोबरात स्वेटर हवाच.

तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या दाढीच्या एका आजोबांच्या ट्रकमागे तो दिसला. साडेसहा आकड्यांपर्यंत बारीक मोजणारा मीटर, आमच्या लॅबमध्ये होता तसाच. किंमत फक्त नव्वद डॉलर!

"शेवटचे आकडे पळत राहतात, म्हणून स्वस्त," आजोबांनी सांगितलं. मला नाही, शिरीषला.

"सोड यार, डब्बा आहे," शिरीष म्हणाला.

"रात्रभर ट्रकमध्ये गारठलाय तो. तापायला तास लागतो," मी म्हणाले आणि आजोबांना मीटर जनरेटरवर चालू ठेवायला लावला.

तासाभराने पर्समधला दहा किलोओहमचा अचूक रेझिस्टर काढून जोडला. लॅबने निरोपाला दिलेली भेट ती. आकडे ठाम उभे राहिले, एकही हलेना.

"गप्प राहा, नाहीतर भाव वाढवेल," शिरीष कुजबुजला. माझ्याकडे शंभरच डॉलर होते. पण चांगल्या मीटरला बिघडलेला म्हणवून घेणं माझ्याच्याने होईना.

"मीटर उत्तम आहे," मी आजोबांना सांगून टाकलं.

त्यांनी आकडे पाहिले, मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "नव्वदच द्या. पण हे आणखी तीन बिघडलेले म्हणून ठेवलेत, तेही बघाल?"

दोन चांगले निघाले, एक खरंच बाद. आजोबांनी तिन्हींवर पट्ट्या लावून निकाल लिहिला आणि मार्कर माझ्यापुढे धरला. "तपासणाऱ्याची सही हवी."

खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी. परतताना मीटर मांडीवर घेऊन बसले आणि शिरीषला सगळी गोष्ट पुन्हा ऐकवली, तो शेजारीच उभा होता तरी.

घरी आल्यावर लक्षात आलं, माझ्याच मीटरवर पट्टी नाही. ती लावली, तारीख घातली. लॅबमध्ये आद्याक्षरंच टाकायचो. इथे मी पूर्ण नाव लिहिलं.