फ्रीझरमधली ऋषीची भाजी

मंदारचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "आई गेली गं... पुण्याहून आत्ताच फोन आला." त्याच्या आईचं, उषाकाकूंचं, गणपतीसाठी इकडे यायचं तिकीट काढून झालं होतं. मी गाडीतच रडले. पण खोटं कशाला सांगू, मग त्यांची काटेरी झुडपं आठवली आणि हसूच आलं.

मंदार माझा कॅलिफोर्नियातला शेजारी. २००४ साली काकू पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आल्या. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. मंदार म्हणाला, "आई, इथे बैल कुठेयत? सगळं ट्रॅक्टरवर चालतं. काहीही खा, इट्स फाइन!"

"ट्रॅक्टर म्हणजे लोखंडाचा बैलच की रे," असं म्हणून त्या दिवसभर उपाशी राहिल्या. या देशात आपला नेम काही टिकत नाही, हे मात्र त्यांच्या मनाला फार लागलं.

फेब्रुवारीत आमच्या बिल्डिंगमागच्या टेकडीवर रुपेरी पानांची काटेरी झुडपं माजली. खालच्या मजल्यावरची सिसिलीची रोझा ती सुरीनं कापत होती. तिच्या गावाकडची रानभाजी, कार्दूनी. काटे तासायचे, दोरे काढायचे, देठ शिजवायचे. काकू हरखल्या. "अगं मीनल, कुणी नांगरलं नाही, कुणी पेरलं नाही!" देठ काळे पडू नयेत म्हणून रोझा ते लिंबाच्या पाण्यात टाकायची. काकूंनी केळफूल सोलताना लावतात तसं हाताला तेल लावलं आणि देठ ताकात टाकले. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. तरी "लेमन!" "ताक!" असं दोघींचं तासभर छान भांडण झालं. काकू मार्चमध्ये परत जाणार होत्या, म्हणून उकडलेले देठ पिशवीत भरून, वर 'ऋषी' लिहून फ्रीझरमध्ये ठेवले. सप्टेंबरात आल्या की तीच भाजी. पुढे दरवर्षी असंच चाललं.

यंदा त्यांनी सोलायला मला बसवलं होतं. "घाई कसली गं? काटा राहील."

"राहू दे काकू, माझी मीटिंग आहे!"

सुतकामुळे यंदा मंदारकडे गणपती बसला नाही. ऋषिपंचमीला तो पिशवी हातात धरून माझ्या दारात उभा. "टाकवत नाही यार... आणि शिजवताही येत नाही." मी मिरची-खोबरं घालून भाजी केली. रोझालाही बोलावलं. तिनं पातेल्यात डोकावून "ताक!" म्हटलं आणि डोळे पुसले.

तिसऱ्या घासाला माझ्या जिभेला टचकन काटा टोचला. काकूंनी सोललेल्या भाजीत इतक्या वर्षांत एकदाही काटा लागला नव्हता. हा माझाच. त्या असत्या तर टाळी देऊन हसल्या असत्या... मी तो काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि पुन्हा भाजी वाढून घेतली.